बिनतारी कार्ड कां बोलेना?



गेल्या पावसाळ्यांत नववीच्या कांहीं मुलांनीं शाळेच्या बागेंतील उष्णमान मोजून तें प्रयोगशाळेकडे आपोआप पाठविणारें एक लहानसें यंत्र तयार केलें. त्याचा संगणक तळहाताएवढा असून त्यावर लिनक्स प्रणाली होती. पण जागा वाचविण्याकरितां ती काटछाट केलेली. बागेपर्यंत तार नेणें शक्य नव्हतें, म्हणून बिनतारी जाळ्याचें यूएसबी कार्ड जोडलें. कार्ड कांहीं केल्या चालेना. शेवटीं तें ज्या मुलाच्या हातीं होतें, त्यानेंच तें बिघडविलें असा दोष मीं त्यास सर्वांदेखत दिला.

दुसऱ्या दिवशीं तो हळूच म्हणाला, “सर, संगणकालाच विचारून पाहूं या का?”

हें विचारणें कसें, तें सांगतों. कार्ड चालूं होण्यास तीन गोष्टी क्रमानें घडाव्या लागतात.

पहिली ओळख. कार्ड खोंचतांच तें आपला क्रमांक संगणकास कळवितें. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेनें आम्हांस ‘०सीएफ३:९२७१’ हा क्रमांक दिसला. त्यावरून आंतील चिप एआर९२७१ असल्याचें समजलें. खोक्यावरील नांवावर विसंबूं नये. एकाच नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या कार्डांत निरनिराळ्या चिप असूं शकतात.

दुसरी गोष्ट ड्रायव्हर. प्रणालीचा गाभा जो कर्नल, त्याच्या व चिपच्या मधला हा दुभाषी होय. तो संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो. म्हणून मोठ्या संगणकावरील ड्रायव्हर उचलून येथें ठेवल्यास उपयोग नाहीं. तो याच प्रोसेसरकरितां व याच कर्नलकरितां तयार केलेला हवा. आमच्याकडे तो होता.

तिसरी गोष्ट फर्मवेअर. या चिपमध्यें स्वतःचा एक चिमुकला प्रोसेसर असतो. वीज गेली कीं त्यास सर्वच विसर पडतो. म्हणून दर खेपेस ड्रायव्हर त्यास फर्मवेअरची फाईल पुरवितो. ‘डीमेसेज’ या आज्ञेनें कर्नलची नोंदवही उघडली, तों त्या फाईलीच्या नांवापुढें ‘उणे २’ असा आंकडा! त्याचा अर्थ इतकाच कीं, फाईल सांपडत नाहीं. काटछाटींत ती गळाली होती.

फर्मवेअर कार्डाच्याच प्रोसेसरवर चालत असल्यामुळें मोठ्या लिनक्स संगणकावरील तीच फाईल येथेंही चालते. ती ‘लिब’मधील ‘फर्मवेअर’ फोल्डरांत ठेविली व कार्ड काढून पुनः खोंचलें. लागलींच जवळपासचीं जाळीं दिसूं लागलीं; परवलीचा शब्द देतांच बागेचें उष्णमान प्रयोगशाळेंत आलें. इतकें करूनही एखादें कार्ड मधूनच बंद पडल्यास वीजपुरवठा अपुरा तर नाहीं ना, हें पाहावें.

कार्ड बिघडलें नव्हतें, मुलगाही चुकला नव्हता. चुकलों होतों मी. दोष सर्वांदेखत दिला होता, म्हणून क्षमाही सर्वांदेखत मागितली. पालकांसही माझी नम्र विनंति कीं, घरांत एखादें यंत्र अडलें तर मुलावर रागावण्यापूर्वीं यंत्राची नोंदवही वाचावी, आणि ती वाचावयास मुलालाच सोबत घ्यावें.