शर्यतीच्या आदल्या दिवशी थांबलेला घोडा

८ जून २०१२, न्यूयॉर्क. दुसऱ्या दिवशी बेलमाँट स्टेक्स ही मोठी शर्यत. फेव्हरिट होता ‘आय’ल हॅव अनदर’. नाव भारी आहे ना? बायकोनं ‘अजून एक कुकी हवी का?’ विचारलं की मालक जे उत्तर द्यायचा, तेच त्यानं घोड्याला नाव म्हणून दिलं! केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या घोड्यानं आधीच मारल्या होत्या. ही तिसरी जिंकली की ट्रिपल क्राउन, जो १९७८ नंतर अमेरिकेत कुणालाच जमला नव्हता.

आणि त्याच दिवशी ट्रेनर डग ओनील यांनी सांगून टाकलं, घोडा पळणार नाही. का? पुढच्या डाव्या पायाच्या टेंडनला सूज आली होती.

इतक्याशा सुजेवरून? हो. कारण घोड्याचा पाय आपल्याला वाटतो तसा नाहीच. त्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे खरंतर आपलं मनगट. त्याच्या खाली पळवणारे मोठे स्नायू नाहीत, फक्त हाडं, टेंडन आणि लिगामेंट. टेंडन स्नायूला हाडाशी जोडतो, लिगामेंट हाडाला हाडाशी. पाचशे किलोंच्या आसपासचा हा प्राणी प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो!

भरधाव पळताना पायामागचा टेंडन रबरासारखा ताणला जातो आणि परत आखडतो, म्हणून घोड्याची ताकद वाचते. पण हा ताण तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जातो. शिवाय आतला भाग ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि रक्तपुरवठा बेताचाच. रोज थोडे थोडे तंतू तुटत राहतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस सूज येते आणि सगळे म्हणतात, ‘अरे, अचानक कसं झालं?’

खरी गोची पुढे आहे. टेंडन भरून येतो, पण पहिल्यासारखा नाही. पैठणीला गोणपाटाचं ठिगळ लावावं तसं. जागा भरते, पण ती लवचीक राहत नाही. त्यामुळे तिथंच किंवा शेजारी पुन्हा फाटण्याची भीती असते. सूज आणि लंगडणं काही आठवड्यांत कमी होतं, पण टेंडन सावरायला बऱ्याचदा नऊ ते बारा महिने लागतात. आधी बर्फ, बँडेज, तबेल्यातली विश्रांती. मग हातात दोर धरून काही मिनिटं चालवणं, मधूनमधून सोनोग्राफी. पीआरपी, स्टेम सेलही वापरतात, पण कॅलेंडरवरचे महिने त्यानं गायब होत नाहीत. ‘आता दुखत नाहीये’ म्हणून लवकर पळवलं, की सगळं मुसळ केरात.

म्हणून चांगल्या तबेल्यात रोज सकाळी घोड्याच्या पायांवरून हात फिरवतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा गरम लागला, तरी त्या दिवशी पळणं बंद. घोडा ‘दुखतंय’ असं सांगू शकत नाही, म्हणून हातानं ऐकायचं.

आणि आपण? आपल्याला तर बोलता येतं. तरीही इंटर-कॉलेज फायनलच्या आधी टाच ठणकत असते आणि आपण म्हणतो, ‘स्प्रे मार, उतरतो मी.’ टाचेवरचा अकिलीस टेंडनही असाच स्प्रिंगसारखा काम करतो आणि तोही सावकाशच भरून येतो. दोस्त, कोच, सगळे टाळ्या वाजवतात. ‘आज नको’ म्हणणारा एखादाच असतो आणि त्या दिवशी तोच व्हिलन वाटतो.

‘आय’ल हॅव अनदर’ पुन्हा कधीच शर्यतीत उतरला नाही. बेलमाँट जिंकली युनियन रॅग्जनं आणि ट्रिपल क्राउनसाठी अमेरिकेला २०१५ पर्यंत, अमेरिकन फॅरोची वाट पाहावी लागली. पण तो घोडा भर मैदानात कोसळला नाही, स्वतःच्या पायांवर चालत निवृत्त झाला.

पुढच्या मॅचआधी टाच ठणकली, तर स्प्रे शोधायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. फायनल पुढच्या वर्षीही असते.