धुऱ्यावरची कर्मशाळा

कापसाच्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, पहिला वेचा सुरू झाला, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात धडधाकट माणूस दिवसा घरी सापडत नाही. ज्यांचे गुडघे गेले आहेत, तीही माणसं सापडत नाहीत. सत्तरीची आजी कंबरेला फडकं गुंडाळून पऱ्हाटीत शिरलेली असते, कारण मजुरी किलोवर असते. आयटीआयमध्ये मी एकतीस वर्षं फिटर ट्रेडचा निदेशक होतो. मुलांना कानस धरायला शिकवली, लेथवर उभं केलं. पण वस्तू घडते कशी, हे मला कळलं ते कळंब-राळेगावकडच्या शेतांच्या धुऱ्यांवर, या आज्यांजवळ बसून. नव्या वस्तू आणि नव्या सोयी घडवण्यात वडीलधाऱ्यांचा वाटा किती, याचा आढावा लिहा म्हटल्यावर माझं मन तिकडेच धावतं. तरी क्रम पाळतो.

पहिला मान चरख्याचा. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी मी दर वर्षी नव्या मुलांना वाचून दाखवत असे. खेड्यातल्या साध्या घरात तो चालला पाहिजे, दुरुस्ती गावातच झाली पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या वर नको आणि बाईमाणसाला तो फार न थकता आठ तास चालवता आला पाहिजे. यंत्राची अट माणसाच्या थकव्यावरून ठरवलेली मी आधी कुठे वाचली नव्हती. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढच्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगात साठी ओलांडलेल्या गांधीजींनी घडी करून नेता येईल अशा पेटीचरख्यावर स्वतः काम केलं, आणि तो येरवडा चरखा म्हणूनच ओळखला गेला. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ साली त्यांच्याच हस्ते उघडलं. आम्ही मुलांना एसटीने तिथे न्यायचो आणि चरख्यांपुढे तासभर बसवायचो.

जगात या विषयाचा गाजावाजा बराच नंतर झाला. पॅट्रिशिया मूर नावाच्या अमेरिकन डिझायनर मुलीने १९७९ पासून तीन वर्षं म्हातारीचं सोंग घेऊन शहरं पालथी घातली. दारं, बस, जिने म्हाताऱ्यांना कसे छळतात हे अंगावर घेऊन पाहिलं. संधिवाताच्या हाताला पेलतील अशा जाड मुठींची स्वयंपाकघरातली हत्यारं १९९० मध्ये तिकडे बाजारात आली. मूरबाईंच्या कष्टांना माझा नमस्कार. पण आमच्याकडे येऊन तोच प्रयोग मुलांकडून करवून घेणाऱ्या, गुडघ्याला पट्ट्या आणि डोळ्यांना धुरकट चष्मे बांधायला लावणाऱ्या मंडळींशी माझं कधी जमलं नाही. सोंग कशाला? खरी आजी दोन किलोमीटरवर बसलेली असते.

तिच्याजवळ जाऊन बसले ते गडचिरोलीतले दोन डॉक्टर. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ, त्याहून मोठं असेल तर पन्नास, ही त्यांनी धरलेली हद्द. गावातल्या जुन्या दाया बाळाजवळ सगळ्यात आधी पोचत, पण त्यांना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते. दहापर्यंत बिनचूक येत होते. मग यंत्रच त्या दहावर बेतलं. लाकडी पट्टीवर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यावर बोट आलं, तर बाळाला न्यूमोनिया. या श्वासमापकावर त्यांचा शोधनिबंध १९९२ साली आला. त्याआधी, १९९० मध्ये, गावातल्याच माणसांच्या हातून उपचार झाल्याने न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी झाल्याचं त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. दवाखाना कसा हवा हेही त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोकांनी सांगितलं. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना गोंडी वस्तीसारखा झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळालं लोकांनी सांगितलेल्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

बियाणी आणि नैसर्गिक शेती यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून नावंच घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, ज्यांनी दीडेक एकरात एचएमटी तांदूळ निवडून काढला आणि जे २०१८ साली गेले. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे. आणि आमच्याच जिल्ह्यातले सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनाही भरपूर आहेत. २०१७ च्या वयोश्री योजनेत काठ्या, चष्मे, कानातली यंत्रं वाटली गेली. हे चांगलंच झालं. माझा विषय वाटपाच्या आधीचा आहे.

आता माझी पिशवी. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही कर्मशाळेत कापूस वेचणीची पिशवी शिवली. जाड मांजरपाट, गळ्यात अडकवायचा पट्टा, रिकामी करायला खालून चेन. मला ती फार आवडली होती. राळेगाव तालुक्यातल्या एका शेतात पाच बायांना दिली. त्यांतली सगळ्यात म्हातारी, आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो, तिने दुपारपर्यंत घातली आणि धुऱ्यावर येऊन माझ्या पुढ्यात टाकली.

“मास्तर, तुमी कापूस येचला काय कधी?”

चेनमध्ये कापसाचे तंतू अडकले होते. पट्ट्याने तिची मान लाल झाली होती. मी गप्प बसलो. तिने कनवटीचा बटवा काढला, दोन बोटांनी नाडी ढिली केली, तर सुपारी आणि चुन्याची डबी अलगद ओटीत पडली. “माह्या बटव्याले चैन हाय काय?” मग पट्टा घेऊन तिने तो पाठीवर फुलीसारखा आडवा-उभा नेला. “पोट्याले असा बांधतो आमी. दिवसभर मान दुखत नाही.” शेजारचीने तोंडाशी बांबूची कांब घालायला सांगितली, टोपलीच्या काठासारखी, म्हणजे एका हाताने तोंड उघडावं लागत नाही आणि दोन्ही हात बोंडांना मोकळे राहतात. मी तिथेच वहीत काढलं. तीन हंगाम लागले. पिशवी खालून नाडीने सुटू लागली. भरली की ढिगाजवळ उभं राहायचं, नाडी ओढायची, कापूस आपोआप खाली. वाकायचं नाही, डोक्यावरून काढायची नाही. म्हाताऱ्या बायांचे किलो ज्या ढिगाजवळच्या उठबशीत बुडत होते, ती उठबस गेली.

पुढे एका संस्थेने ती पिशवी मोठ्या संख्येने शिवून घेतली. नाडी ओवायला वेळ लागतो म्हणून तिथे प्लॅस्टिकची क्लिप आली. बोंडांच्या नख्यांनी टोचलेल्या, भेगाळलेल्या बोटांनी ती क्लिप दाबली जात नाही. कुणाला विचारलंच नव्हतं. पुढच्या हंगामात त्या पिशव्यांत मी कांदे भरलेले पाहिले.

आमच्याच क्षेत्रातले काही जाणते लोक सभांमधून सांगतात की म्हाताऱ्यांना नवं काही नको असतं, जुनी सवय हवी असते. मला हे कधीच पटलं नाही. याच बायांनी बीटी कापसाच्या वेचणीचा नवा वेग पेलला, गॅसची शेगडी घेतली, नातवाशी बोलायला मोबाइल घेतला. जे हाताला बसलं ते त्यांनी त्याच दिवशी वापरलं.

न विचारण्याची किंमत आम्ही २०१७ मध्ये मोजली. त्या पावसाळ्यात कीटकनाशक फवारताना आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, औषध अंगावरच येत होतं. त्यानंतर मुखवटे, हातमोजे, चष्मे वाटले गेले. आयुष्यभर पाठीवर पंप वाहिलेल्या एका म्हाताऱ्याने मला तो चष्मा दाखवला. “याच्यावर वाफ धरते, मंग दिसत नाही, मंग मानूस त्याले कपायावर चढवते.” त्याला आधी एक दिवस शेतात घालायला दिला असता, तर हे कारखान्यात कळलं असतं.

आणि आता अंगठा. जन्मभर कापूस वेचून, निंदण करून बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशनच्या यंत्रावर आज्या बोट पदराला पुसून ठेवतात, पुन्हा पुसतात, पुन्हा ठेवतात. मागे रांग खोळंबते. यंत्र बनवणाऱ्याने घाटंजीच्या किंवा झरी जामणीच्या एका आजीचा हात उलटा करून पाहिला असता, तर दुसरी वाट पहिल्या दिवसापासून ठेवली असती. हल्ली चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय येते आहे, हे ऐकून मला बरं वाटतं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसमोर ती कुणी आधी धरून पाहावी, एवढंच माझं मागणं आहे.

माय आता नाही. जाण्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी तिला शेवटची सुधारलेली पिशवी दाखवायला नेली होती. ती खाटेवरच होती, डोळ्यांवर मोतीबिंदू उतरलेला. तिने पिशवी मांडीवर घेतली, काठ चाचपला, कांब चाचपली, पट्ट्याची फुली बोटाने मोजली. मग बराच वेळ खाली नाडी शोधत राहिली.

“काया रंगाची टाकली ना? दिसत नाही मले. लाल टाक.”

त्याच रात्री घरी जाऊन मी नाडी बदलली.