बिनतारी जोडणीतील दोषांचा शोध

राउटर हे घरातील संगणक व मोबाईल इंटरनेटशी जोडणारे उपकरण होय. त्याचे काम चालवणाऱ्या अंगभूत आज्ञावलीला 'फर्मवेअर' म्हणतात. लिंकसिस कंपनीने २००३ मध्ये आपल्या एका राउटरची मूळ आज्ञावली खुली केली. तिच्याच आधारे २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हे मुक्त फर्मवेअर आकारास आले.

हे फर्मवेअर नव्याने बसवल्यावर बहुतेक राउटरांत बिनतारी सेवा बंदच असते. म्हणून वायफाय दिसेना की राउटर बिघडला, असे मानणे घाईचे ठरते. आधी संगणक तारेने जोडून पाहावा. तारेवर इंटरनेट चालत असेल, तर दोष बिनतारी भागातच शोधावा. ती सेवा सुरू आहे का आणि देशाची निवड योग्य आहे का, हे पाहावे. कारण कोणत्या वाहिन्या वापरता येतील, हे देशाच्या नियमांवर ठरते.

जोडणी वारंवार तुटत असल्यास वाहिनी तपासावी. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात लगतच्या वाहिन्यांत ५ मेगाहर्ट्झचेच अंतर असते; प्रत्येक वाहिनी मात्र सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे शेजारच्या राउटरांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. १, ६ व ११ या वाहिन्या परस्परांपासून अलिप्त राहतात. ५ गिगाहर्ट्झच्या काही वाहिन्या रडारही वापरते. तेथे राउटर प्रथम किमान एक मिनिट कानोसा घेतो, मगच बोलतो. हा विलंब म्हणजे बिघाड नव्हे.

तरीही कारण न उमगल्यास 'लॉगरीड' ही आज्ञा द्यावी. राउटरने ठेवलेल्या नोंदी त्यामुळे वाचता येतात. चुकलेल्या पासवर्डचा सुगावाही त्यांत अनेकदा लागतो. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहिला, की दोष नेमका सापडतो आणि चांगले उपकरण निकामी समजून टाकले जात नाही.