खनिज संपल्यानंतरचे गाव : आर्क्टिकमधील स्वालबार्डच्या खाणवस्त्या आणि कोकणातील सडे

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात भारजा नदीच्या मुखाशी केळशी हे गाव वसले आहे. एका बाजूस समुद्र, खाडी व वाळूची टेकडी, तर दुसऱ्या बाजूस जांभ्या दगडाचे सडे अशी या परिसराची रचना आहे. दापोली व मंडणगड तालुक्यांच्या किनारी सड्यांवर जांभ्याबरोबर बॉक्साइटही आढळते. त्यामुळे खाणकाम हा येथील लोकांना परका विषय नाही. खाण सुरू होताना रोजगार, रस्ता आणि धूळ यांची चर्चा होते. खनिज संपल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड द्वीपसमूहातील कोळसा-खाणींच्या वस्त्यांचा आढावा घेतला आहे. उदाहरण दूरचे असले तरी खाणवस्ती निर्माण होण्यापासून ती बंद पडेपर्यंतचा संपूर्ण क्रम तेथे सुमारे सव्वाशे वर्षांत पूर्ण झाला आहे.

भूमी, खनिज आणि करार

स्वालबार्ड ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षवृत्तांदरम्यान आहे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांनी व्यापलेला असून उर्वरित जमीन खोलवर कायम गोठलेली असते. मात्र येथील कोळसा उष्ण काळाची देणगी आहे. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी या भूभागावर घनदाट वने होती व त्यांच्या अवशेषांपासून हे थर तयार झाले. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसातून घडला, तो काळही भूशास्त्रीय मापाने याच्या जवळचाच आहे. त्या कातळातील सिलिका पावसाने झिजून वाहून गेली व अॅल्युमिनियमचे प्रमाण वाढले, तेव्हा कोकणात बॉक्साइट तयार झाले.

स्वालबार्डला मूळ रहिवासी नव्हते. १५९६ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स तेथे पोहोचला. पुढे देवमासे व फर यांसाठी लोक येत-जात राहिले. १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकी उद्योजकाच्या कंपनीने जी खाणवस्ती उभारली, तीच आजचे लाँगयरब्येन होय. १९१६ मध्ये ती स्टोरे नोर्स्के या नॉर्वेजियन कंपनीकडे गेली. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झालेल्या कराराने या भूमीवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले. परंतु करारात सामील राष्ट्रांच्या नागरिकांना तेथे उद्योग करण्याचा समान हक्क मिळाला. तत्कालीन ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून भारतही या करारात सामील होता.

खाणकामगारांचे जीवन

लाँगयरब्येनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, तर उन्हाळ्यात सुमारे चार महिने तो मावळत नाही. जुन्या खाणींतील कोळशाचे थर इतके पातळ होते की कामगारांना आडवे पडून किंवा गुडघ्यांवर सरपटत काम करावे लागे. डोंगराच्या कुशीतून निघालेला कोळसा लाकडी मनोऱ्यांवरून जाणाऱ्या रोपवेने बंदरावर येई. समुद्र गोठल्यावर जहाजे बंद होत. १९७५ मध्ये विमानतळ सुरू होईपर्यंत हिवाळाभर या वस्तीचा बाहेरच्या जगाशी संपर्क अत्यल्प असे. कामगार बराकींत राहत व कंपनीच्या खानावळीत जेवत. अधिकाऱ्यांची वस्ती वेगळी असे. कित्येक दशके कंपनीच्या स्वतःच्या नोटाही तेथे चलनात होत्या.

मुंबईच्या गिरणगावातील गावकीची खोली ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पाळीनुसार झोपणारे पुरुष, खाणावळ आणि गावी जाणारी मनीऑर्डर हा कोकणी चाकरमान्याचा अनुभव फार वेगळा नव्हता. एक साधी चालही आपल्याला जवळची वाटते. कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून पादत्राणे दारात काढण्याची पद्धत तेथे पडली व लाँगयरब्येनच्या काही हॉटेलांत व संग्रहालयात ती अजून पाळली जाते.

या कामाची किंमत मोठी होती. ३ जानेवारी १९२० रोजी लाँगयरब्येनच्या पहिल्या खाणीतील स्फोटात २६ कामगार मृत्युमुखी पडले. नी-आलेसुंड येथील खाणीत ५ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेल्या स्फोटात २१ जण दगावले. या दुर्घटनेच्या चौकशीतून उठलेल्या वादळात १९६३ मध्ये नॉर्वेचे सरकार कोसळले आणि ती खाण कायमची बंद झाली.

पाळणा आणि स्मशान नसलेली वस्ती

स्वालबार्डच्या वस्त्यांचे खरे वैशिष्ट्य हवामानापेक्षा तेथील वास्तव्याच्या स्वरूपात आहे. प्रसूतीसाठी स्त्रियांना काही आठवडे आधीच नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जावे लागते. गोठलेल्या जमिनीत शवपेटी पुरण्याची प्रथा केव्हाच थांबली आहे. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्तीला तेथे राहता येत नाही. म्हणजे जन्म, वार्धक्य व मृत्यू या तिन्ही गोष्टी इतरत्र घडतात. येथे फक्त काम घडते. अशा ठिकाणाला वस्ती म्हणता येईल. आपल्या अर्थाने गाव म्हणता येणे कठीण आहे.

खाण बंद झाल्यावरचे मार्ग

खनिज किंवा त्यातील नफा संपल्यावर या वस्त्यांचे काय झाले, हे पाहिले असता चार भिन्न मार्ग आढळतात.

१) परित्याग : पिरामिडन ही सोव्हिएत खाणवस्ती शाळा, ग्रंथालय व सभागृह यांनी समृद्ध होती. १९९८ मध्ये खाण बंद झाली आणि अल्पावधीतच वस्ती ओस पडली.

२) निसर्गाला परतफेड : स्वेआ येथील खाण बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. त्यानंतर बहुतेक बांधकामे हटवून भूमी शक्य तितकी पूर्ववत करण्यात आली. हे काम सरकारी खर्चाने झाले.

३) संशोधन : नी-आलेसुंड हे आज आंतरराष्ट्रीय संशोधनग्राम आहे. १ जुलै २००८ रोजी भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र येथे सुरू झाले. त्याचे संचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीमही येथे गेली.

४) पर्यायी अर्थव्यवस्था : लाँगयरब्येनने पर्यटन, विद्यापीठीय शिक्षण व संशोधन यांचा आधार घेतला. तेथील वीजकेंद्राने २०२३ मध्ये कोळसा सोडला आणि ‘खाण क्रमांक ७’ ही नॉर्वेची तेथील शेवटची खाण जून २०२५ मध्ये बंद झाली. वस्ती मात्र टिकून आहे.

कोकणाच्या संदर्भात

येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. स्वालबार्डमध्ये खनिज आधी सापडले व माणसे नंतर आली. कोकणात गाव आधीपासून आहे. खाण पाहुणी म्हणून येते. खाण संपल्यावर नॉर्वेजियन कामगाराला परतण्यासाठी दुसरीकडे घर असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा अनेक चाकरमान्यांनाही गावच्या घराने सावरले. परंतु खाण गावातच असेल, तर गावकऱ्याने परतायचे कोठे? सडा हा पडीक दिसला तरी जांभ्याच्या सच्छिद्र थरात पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना पुरते. गुरांची चराई व कलमांच्या बागाही त्यावर अवलंबून असतात. म्हणून येथे पिरामिडनचा मार्ग उपलब्धच नाही.

आपल्याकडे २००३ पासून खाण-समाप्ती आराखडा बंधनकारक आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचीही तरतूद झाली. साधने कागदावर आहेत. स्वेआचा अनुभव सांगतो की भूमी पूर्ववत करता येते, मात्र त्यासाठी निधी, मुदत आणि जबाबदार यंत्रणा निश्चित असावी लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, खाणवस्तीचे भवितव्य खनिजाच्या साठ्यापेक्षा बंद होण्याच्या तयारीवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे खाणीस संमती देणाऱ्या ग्रामसभेने रोजगाराच्या आकड्याबरोबरच समाप्तीचा आराखडा मराठीतून मागवून त्याचे जाहीर वाचन करावे आणि खाण सुरू होण्यापूर्वी झऱ्यांची व विहिरींची नोंद करून ठेवावी. स्वालबार्डचा कामगार सामान बांधून घरी गेला. केळशीसारख्या गावाचे घर त्या सड्याच्या पायथ्याशीच आहे.