खत घातलं, तरी पालक पिवळा का पडतो?

परसबाग किंवा गच्चीवर भाजी करणाऱ्या बऱ्याच जणांची एक तक्रार असते. वाफ्यात भरपूर पालापाचोळा मिसळला, घरचं अर्धवट कुजलेलं खतही टाकलं, पालक छान उगवला आणि तीन-चार आठवड्यांत खालची पानं पिवळी पडायला लागली. मग 'खत कमी पडलं' म्हणून आणखी तेच खत घातलं जातं आणि पालक आणखी पिवळा पडतो. हे का होतं, ते आज बघू.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. आपण घातलेलं सेंद्रिय खत झाड थेट खात नाही. ते आधी मातीतले जिवाणू आणि बुरशी खातात. त्यांच्या जेवणातून जे उरतं, ते मुळांना मिळतं. म्हणजे झाड दुसऱ्या पंगतीला बसलेलं असतं!

आता जरा हिशोब करू. समजा, एक किलो वाळलेल्या पानांत साधारण ४०० ग्रॅम कर्ब आणि ८ ग्रॅम नत्र आहे. म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ५० ला १. ही पानं खाताना सूक्ष्मजीव बराचसा कर्ब श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतात आणि साधारण एक तृतीयांश, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास, स्वतःचं शरीर बांधायला वापरतात. त्यांच्या शरीरात दर ८ भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतं. १३० भागिले ८, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम. पानांत होतं फक्त ८. उरलेलं ८ ग्रॅम कुठून येणार? मातीतून. तेच नत्र, जे पालकाला हवं होतं.

नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो.

हे नत्र वाया जात नाही, ते उसनं गेलेलं असतं. सूक्ष्मजीव मेले, एकमेकांचे घास झाले की ते परत मातीत येतं. पण पालक सहा आठवड्यांत काढायचा असतो. तोवर उसनं फिटत नाही.

ढोबळ नियम असा: गुणोत्तर २५ च्या खाली असेल, तर सहसा झाडाला नत्र मिळतं. बरंच वर असेल, तर आधी जातं. भाजीची देठं-सालं साधारण २० च्या आसपास असतात, लाकडाचा भुसा तर काही शेकड्यांत. खत नीट कुजलं की जादा कर्ब उडून जातो आणि गुणोत्तर १५-२० वर येतं. कुजवण्यात जाणारे महिने म्हणून महत्त्वाचे.

मग करायचं काय?

सुका पाला मातीत मिसळू नका, वरून आच्छादन म्हणून पसरा. मातीला फक्त खालचा थर टेकतो, त्यामुळे नत्राची ओढाताण फारशी होत नाही आणि ओलही टिकते.

आधीच मिसळला असेल, तर आणखी पाला घालू नका. शेंगदाण्याची पेंड भिजवून ते पाणी पातळ करून द्या. पेंडीत सुमारे ७ टक्के नत्र असतं, त्यामुळे इथे हिशोब उलटा होतो.

खत तयार झालं का, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं खत घ्या. दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे पेरा. आठवडाभरात दुसऱ्या कुंडीत रोपं कमी किंवा खुरटी दिसली, तर खत कच्चं आहे. ते अजून महिनाभर कुजू द्या, मगच पालकाच्या वाफ्यात घाला.