देव सामाईक, दप्तर वेगळं

श्रीलंकेच्या आग्नेय भागात कतरगामचं देऊळ आहे. गाभाऱ्यापुढे पडदा, त्यावर दोन्ही बायकांसह मुरुगन, म्हणजे कार्तिकेय, रंगवलेला. पडद्यामागचं भक्ताला दिसत नाही. फळांचं तबक पुजाऱ्याच्या, म्हणजे कपुराळाच्या हाती द्यायचं. तो ते आत नेतो आणि प्रसाद करून आणून देतो. रांगेतला सिंहली बौद्ध या देवाला ‘कतरगाम देवियो’ म्हणतो, तमिळ हिंदू मुरुगन. आवारातच मशीद. आपल्याकडे ब्रह्मचारी मानलेला कार्तिकेय इथे दोन बायकांचा दादला आहे आणि त्यांतली वल्ली बेटावरच्या आदिवासी वेद्दांची लेक मानली जाते. २,२४३ मीटर उंच श्रीपाद शिखरावरही तेच. खडकावर उमटलेलं पाऊल एकच, बौद्धांसाठी बुद्धाचं, हिंदूंसाठी शंकराचं, मुसलमानांसाठी आदमचं.

हे पाहून ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणत टाळ्या पिटायचा मोह होतो. तो आवरावा, कारण देव सामाईक असला तरी दप्तर वेगळं आहे.

२०१२च्या जनगणनेत सिंहली सुमारे ७५ टक्के, श्रीलंकन तमिळ ११, मूर म्हणजे मुसलमान ९ आणि भारतीय तमिळ ४ टक्के. पण हे कप्पे नेमके कशावर पाडले? मूरांची घरची भाषा बहुतेक तमिळ, तरी ते तमिळांत मोडत नाहीत. ख्रिश्चन सिंहलीही आहेत आणि तमिळही. डच-पोर्तुगीज वंशाचे बर्गर आणि मलाय मूठभरच; पण लग्नात ज्यावर सगळे नाचतात तो बैला पोर्तुगीजांच्या वळणाचा, आणि ईदला हवंच असं वटलप्पम हे पक्वान्न मलायांच्या चुलीवरचं. भारतीय तमिळांना इंग्रजांनी आधी कॉफीच्या, मग चहाच्या मळ्यांवर आणलं. १९४८च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतले बहुतेक एका फटक्यात बेवतन झाले.

मराठी वाचकाला टोचेल ती बाब वेगळीच. बाबासाहेबांमुळे आपण बौद्ध धर्म जातीविरुद्धचं बंड म्हणून ओळखतो. ते स्वतः १९५०मध्ये सिलोनला बौद्ध परिषदेला गेले होते. त्याआधी गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२मध्ये तिथेच भिक्षू झाले. त्या बेटावर १७५३पासूनचा सियाम निकाय हा भिक्षुसंघ मात्र उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, देत आला तो गोयिगम या वरच्या जातीलाच. नाकारलेल्यांनी ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा आणली आणि १८०३च्या सुमारास अमरपुर निकाय उभा केला. चीवर एकाच धर्माचं, पंगती वेगळ्या!

तरीही बेट दुभंगलं ते देवांवरून नव्हे. माझ्या मते खरा घाव भाषेच्या कायद्याचा. १९५६मध्ये पंतप्रधान बंडारनायकेंनी सिंहली हीच एकमेव राजभाषा केली आणि सरकारी नोकरीची दारं तमिळांसाठी आक्रसली. (जन्माने ख्रिश्चन असलेल्या या बौद्ध पुढाऱ्याला १९५९मध्ये एका भिक्षूनेच गोळ्या घातल्या.) १९८१मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, १९८३च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि सरकार व ‘लिट्टे’च्या तमिळ वाघांमध्ये युद्ध पेटलं. पुढे वाघांनीही तोच न्याय लावला: १९९०मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना, आपलीच भाषा बोलणाऱ्यांना, घराबाहेर काढलं. हे युद्ध संपलं ते मे २००९मध्ये.

तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला, पण १९८७मध्ये. तोवर ‘फक्त सिंहली’च्या कायद्याला ३१ वर्षं झाली होती आणि युद्धाला चार.