स्तनपानकाळातील गर्भधारणा : समज आणि वस्तुस्थिती

‘बाळ अंगावर पीत आहे तोवर दिवस जात नाहीत’ ही समजूत कारंजा परिसरातील अनेक कुटुंबांत आम्हांस आढळते. ती अर्धीच खरी आहे. तिच्यावर विसंबल्याने पाठोपाठ गर्भ राहतो. माता अशक्त होते आणि थोरल्या बाळाचे दूध अकाली तुटते.

स्तनपानामुळे बीजनिर्मिती लांबते, हे शास्त्रमान्य आहे. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे तज्ज्ञांनी त्याच्या तीन अटी मांडल्या : पाळी परत आलेली नसावी, बाळ रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असावे आणि ते सहा महिन्यांच्या आतील असावे. तिन्ही अटी पाळल्यास सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते. परंतु वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बाळाला वरचे पाणी दिले जाते, माता शेतकामावर परतते, पाजण्यातील अंतर वाढते आणि संरक्षण उणावते. पाळीपूर्वीही बीज सुटू शकते. म्हणून पाळीची वाट पाहू नये.

तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसविता येते. ‘अंतरा’ इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येते. संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळ्याही स्तनदा मातेस चालतात. मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या मात्र पहिले सहा महिने टाळाव्यात.

पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. दात्यांच्या साहाय्याने बाळंतीण सुखरूप घरी जाते. ती पुढेही सुखरूप राहावी, यासाठी घरी नेण्यापूर्वीच पतीने व वडीलधाऱ्यांनी तिच्यासह डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही आमची नम्र विनंती.